डेलियाचे कंद का उगवत नाहीत? कंद आणि कटिंग लागवडीबाबत सल्ला

पाऊस ओसरू लागला की परसबागेतल्या फुलझाडांबद्दल विचारणा वाढते, आणि त्यात डेलियाचा नंबर वरचा असतो. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : मागच्या वर्षी नर्सरीतून सहा कंद आणले. चार जाडजूड होते, त्यातला एकही उगवला नाही. उरलेले दोन बारीक होते, ते मात्र उगवले. असे का? (वाई, जि. सातारा)

ताई, तुम्ही कंदाचे अंग पाहून घेतलेत, पाहायची होती त्याची मान. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला तसे नसतात. कंद म्हणजे फुगलेले मूळ, त्यात फक्त अन्नसाठा. कोंब फुटतो तो जुन्या खोडाच्या बुडख्याला, जिथे कंदाची मान खोडाला चिकटलेली असते तिथेच. बुडख्याचा तुकडा नसलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्याला एखादवेळी मुळ्या फुटतील, महिनोन्‌महिने मातीत तो ताजाही राहील, पण कोंब येणार नाही. मान पिचलेली असली तरी तीच गत.

खरेदी करताना कंद हातात घ्या आणि मानेच्या वर बोटभर जागा नीट बघा. टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी किंवा हिरवट फुगवटा दिसला तर तो डोळा. तो दिसत नसेल तर निदान खोडाचा तुकडा तरी सोबत हवा. दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेले, मान न दिसणारे कंद शक्यतो घेऊच नका.

कंद आणल्यावर थेट कुंडीत पुरू नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला उथळ क्रेटमध्ये ओलसर वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून त्यावर कंद मांडा, अंग झाकलेले आणि बुडखा उघडा राहील असे. पाणी नुसते शिंपडायचे. साधारण दोन आठवड्यांत डोळे फुगतात. कंदांचा घड मोठा असेल तर कापायची वेळ हीच, कारण आता डोळे दिसतात. प्रत्येक तुकड्याला एक कंद आणि एक डोळा येईल असे धारदार सुरीने कापा, कापाला ट्रायकोडर्माची (कूज रोखणारी उपयुक्त बुरशी) भुकटी लावा आणि एक दिवस सावलीत सुकू द्या.

प्रश्न : कंदापासून झाड चांगले की कटिंगपासून? मी कटिंग लावतो, पण बरीचशी बुडाशी काळी पडून जातात. (नाशिक)

माझे मत विचाराल तर पठारी भागात कटिंगच, म्हणजे कंदाचा कोवळा कोंब कापून लावलेले रोप. कंदाला एकाच वेळी पाच-सहा कोंब फुटतात, झाड झुडपासारखे दाटते आणि फुले लहान राहतात. कटिंगचे झाड एका खोडावर सरळ येते, मुळ्या सगळ्या नव्या असतात आणि एका कंदापासून आठ-दहा रोपे सहज होतात. कंद हा मातृवृक्ष म्हणून सांभाळायचा, लागवड कटिंगची करायची.

आता कटिंग काळे का पडते ते. वर सांगितल्याप्रमाणे मांडलेल्या कंदाचे कोंब सात-आठ सेंटिमीटर झाले, पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की कापायचे. त्याहून मोठा कोंब घेतला की त्याचा दांडा आतून पोकळ झालेला असतो, त्यात पाणी शिरते आणि तो खालून सडत जातो. कापल्यावर काप उलटा करून बघा. भरीव, ओलसर हिरवा दिसला तर लावा. मध्ये भोक दिसले तर तो टाकून द्या, त्याच्यावर मेहनत घेऊ नका.

काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळ्या तिथून लवकर फुटतात. कंदावर मात्र पानांची खालची एक जोडी ठेवा. तिच्या बगलेतून आठवड्या-दोन आठवड्यांत आणखी दोन कोंब येतात, म्हणजे दुसरी तोडणी आयती मिळते. काम सकाळी करा. खालची पाने काढा, वरची मोठी पाने अर्धी कापा. आयबीएची मुळ्या फुटण्याची भुकटी मिळाली तर लावा, नाही मिळाली तरी डेलिया अडून बसत नाही. निम्मी धुतलेली नदीची वाळू आणि निम्मे कोकोपीट घेऊन त्यात दोन-तीन सेंटिमीटर खोल खोचा. इथे शेणखत घालायचे नाही! निम्मी कटिंग त्यानेच सडतात.

ट्रे उजेडाच्या सावलीत ठेवा. वरून पाण्याची कापलेली बाटली उपडी घातली तर पाने कोमेजत नाहीत, फक्त रोज थोडा वेळ उघडून हवा द्यायची. पंधरा ते वीस दिवसांत मुळ्या येतात. मुळ्या आल्या का ते बघायला कटिंग उपटू नका. मधला शेंडा नवी पाने टाकू लागला की समजायचे. मग चार इंची पिशवीत आणि तिथून दहा-बारा इंची कुंडीत.

हे सगळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकायला हवे. दिवस लहान होत गेले की डेलियाचा कल खाली कंद धरण्याकडे जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेली कटिंग म्हणूनच उंची घेत नाहीत, वीतभर होऊन एखादे फूल देतात. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू, मूठभर निंबोळी पेंड आणि अर्धी मूठ हाडांचे चूर्ण एवढे पुरते. काळी चिकण माती वापरायची असेल तर वाळू दुप्पट करा.

प्रश्न : झाड चार फूट वाढले, पण फुले लहान आणि मान खाली घातलेली. (पुणे)

युरिया कमी करा, हे पहिले. नत्र जास्त झाले की झाड पानावर जाते, दांडा पोचट होतो आणि पुढे कंदही साठवणीत टिकत नाही. कळ्या दिसू लागल्या की ०:०:५० हे (फक्त पालाश असलेले) विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी मुळाशी द्या. मोठ्या फुलाच्या जातीत प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा. हात धजत नाही हे मला माहीत आहे, पण ताटाएवढे फूल हवे तर दुसरा मार्ग नाही. लहान फुलांच्या जातींत कळ्या खुडायची गरज नसते, तिथे रोपाला चार जोड्या पाने आल्यावर शेंडा खुडला की झाले.

आधाराची काठी रोप लावतानाच रोवा. नंतर रोवलेली काठी हमखास कंदातून आरपार जाते. जानेवारीअखेर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनासाठी फुले धरायची असतील तर शेंडा खुडणे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवा.

प्रश्न : मार्चमध्ये कंद काढून ठेवतो, जुलैपर्यंत निम्मे कुजतात नाहीतर सुकून चिपाड होतात. (कोल्हापूर)

फेब्रुवारीअखेर पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडा. खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. मग लांबून माती सैल करून घड खालून उचला. खोडाला धरून ओढलात तर माना तुटतात, आणि मान तुटलेल्या कंदाचे काय होते ते वर वाईच्या ताईंच्या उत्तरात आलेच आहे. घड तीन-चार दिवस सावलीत उलटा ठेवा, म्हणजे पोकळ खोडात साठलेले पाणी निथळते. कुजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. नंतर माठात किंवा लाकडी खोक्यात कोरड्या वाळूच्या थरांत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. महिन्यातून एकदा हात घालून बघा. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हबका मारा, मऊ पडला असेल तर तेवढा कापून टाका.

याहून सोपी युक्ती सांगतो. कटिंग लावताना प्रत्येक जातीची दोन रोपे चार इंची कुंडीतच राहू द्या, मोठ्या कुंडीत हलवू नका. जागा कमी मिळाल्याने झाड खुजे राहते आणि खाली आटोपशीर, घट्ट घड धरतो. मार्चनंतर ती कुंडी तशीच मातीसकट पडवीत आडवी करून ठेवायची. खोदणे नाही, मान तुटणे नाही. मोठ्या कुंडीतल्या कंदांपेक्षा हेच जास्त टिकतात.

प्रश्न : पानांच्या शिरांलगत पिवळे पट्टे, झाड खुरटले. औषध सांगा. (सोलापूर)

हा मोझॅक विषाणू असण्याची शक्यता जास्त. त्यावर औषध नाही. कंद आणि कटिंग दोन्हींतून तो पुढच्या पिढीत जातो, मावा तो शेजारच्या झाडावर नेतो. झाड कंदासकट उपटून जाळा आणि सुरी स्पिरिटने पुसूनच दुसऱ्या झाडाला लावा. मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पानांवर पांढरी भुरी असेल तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही उन्हे उतरल्यावर. फेब्रुवारीत पानामागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा, बरेचदा तेवढ्याने भागते.

प्रश्न : कोकणात डेलिया येईल का? बियांपासून करावा का? (रत्नागिरी)

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. दिवसा ऊन आणि रात्री गारवा ही त्याची आवड. तुमच्याकडे रात्री तेवढ्या गार होत नाहीत, म्हणून ताटाएवढ्या फुलांच्या जातींच्या मागे लागू नका. लहान फुलांच्या, बुटक्या जाती घ्या आणि सकाळचे पाच-सहा तास ऊन, दुपारी सावली अशी जागा द्या. बियांची रोपे तुमच्यासाठी सोयीची आहेत. रंग सरमिसळ येतात, आईसारखे फूल मिळत नाही, पण पुढे कंद जपायची जबाबदारी राहत नाही. परतीचा पाऊस संपेपर्यंत रोपे ओट्यावर छपराखाली ठेवा, कुंडीखाली विटेचे दोन तुकडे द्या आणि भोके बुजली नाहीत ना ते अधूनमधून काडी घालून पाहत जा.