स्पोर्ट बाइकचं इंजिन ऑइल घरी बदलताना सांडासांड कशी टाळायची?

तुम्ही लिहिलंय की फेअरिंगवाल्या (म्हणजे अंगावर प्लास्टिकची आवरणं असलेल्या) बाइकचं ऑइल बदलायला बसलं की दर वेळी फरशी, सायलेन्सरचे पाईप आणि कोपरापर्यंत हात काळे होतात. माझंही बरीच वर्षं तेच व्हायचं. पहिल्या खेपेला मी ट्रे बरोब्बर ड्रेन बोल्टच्या, म्हणजे जुनं तेल काढायच्या बोल्टच्या, खाली सरकवला आणि स्वतःवर खूश होऊन बोल्ट सोडला. तेलाने ट्रे ओलांडून थेट माझा गुडघा गाठला.

कारण साधं आहे. बऱ्याच स्पोर्ट बाइकमध्ये हा बोल्ट सरळ खाली नसतो, बाजूला तोंड करून असतो. इंजिनमध्ये तेल भरलेलं असताना धार लांब पडते आणि पातळी उतरली की ती मागे सरकत बोल्टच्या खाली येते. म्हणून ट्रे पसरट हवा. तो अशा बेताने ठेवा की लांबची धारही त्यात पडेल आणि शेवटचे थेंबही. त्याखाली जुना पुठ्ठा अंथरा. वर्तमानपत्राचा फारसा उपयोग नाही, दोन मिनिटांत तेल आरपार जातं.

बेली पॅन, म्हणजे खालचं फेअरिंग, आधी काढा. चार स्क्रू वाचवायला ते तसंच ठेवून प्रयत्न करणारे मी पाहिलेत. त्यात तेल साचतं आणि पुढचे आठ दिवस बाइक उभी करू तिथे डाग पडत राहतात.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं थांबा. तेल कोमट असलं की पातळ होऊन नीट निथळतं. पण बेंड पाईपला (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपला) हात लावता येईपर्यंत पाना उचलू नका. पाईप पातळ असतात, इंजिनच्या आधी निवतात, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही.

बोल्ट पान्याने फक्त सैल करायचा, मग ग्लोव्ह घालून बोटांनी. फिरवताना तो आत दाबून धरा. आटे संपल्याचं बोटांना कळतं, तेव्हा झटकन बाजूला ओढा. तेल भरायचं झाकण मी त्यानंतर उघडतो. आधीच उघडलं तर धार जोरात येते.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरा घोळ घालतो तो फिल्टर. अनेक चार सिलिंडरच्या बाइकमध्ये तो इंजिनच्या पुढच्या बाजूला, अगदी बेंड पाईपच्या मागे असतो. सैल केला की रबर रिंगच्या कडेने तेल ओघळतं आणि एकेका पाईपवरून खाली उतरतं. मग बाइक सुरू केली की धूर आणि वास. इथे तेल फडक्याने पकडायला जाऊ नका, त्याला वाट करून द्या. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी-तिहेरी घडी करून घ्या, फिल्टरच्या खाली घट्ट खुपसा, पाईपवरून पन्हाळीसारखी वाकवा आणि दुसरं टोक ट्रेमध्ये सोडा. फॉइल दिलेल्या आकारात राहते आणि गरम पाईपला चिकटत नाही. (प्लास्टिकची पिशवी चढवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी ऐकला होता. वितळलेलं प्लास्टिक पाईपवरून खरवडायला तेलापेक्षा जास्त वेळ लागतो.) फिल्टर अर्धा-एक फेरा सैल करा आणि तसाच सोडून द्या. दहा मिनिटांत आतलं बरंचसं तेल पन्हाळीतून उतरतं. मग पूर्ण काढा आणि तोंड वरच ठेवून बाहेर आणा.

जुन्या फिल्टरची रबर रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघाच. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तुम्ही त्यावर नवा फिल्टर बसवला, तर बाइक सुरू करताच दाबाखाली सगळं तेल बाहेर फेकलं जातं. त्यापुढे आधीची सांडासांड काहीच नाही. नव्या रिंगला बोटाने तेल लावा, फिल्टर हाताने आवळा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय तितकाच घट्ट करा.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला. जुना आधीच दबलेला असतो, मग थेंब थांबेना म्हणून आपण जोर लावतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. टॉर्क पाना (ठरावीक जोर लावून आवळता येणारा) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा.

तेल भरायला लांब नळीचं नरसाळं घ्या. क्लच तेलात बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी दर्जा) असं लिहिलेलं हवं. घर्षण कमी करणारी द्रव्यं असलेलं कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. फिल्टर बदलल्यावर किती तेल लागतं तो आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो. मी त्यापेक्षा थोडं कमीच ओततो, मिनिटभर इंजिन चालवतो, दोन-तीन मिनिटं थांबतो, मग बाइक सरळ उभी धरून इंजिनवरच्या छोट्या काचेत तेलाची पातळी बघतो आणि लागेल तसं वाढवतो. साइड स्टँडवर बाइक कललेली असते, त्यामुळे ती पातळी बहुतेक बाइकना चुकीची दिसते.

बेली पॅन चढवण्याआधी बोल्ट आणि फिल्टरच्या कडेने कोरडा टिश्यू फिरवा, गळती असेल तर लगेच कळते. आणि मागच्या टायरवर हात फिरवून बघा. फरशीवरचा डाग निघतो, पण टायरवर राहिलेला थेंब पहिल्याच वळणावर तुम्हाला आडवं करू शकतो. सापडला तर साबणाच्या पाण्याने टायर धुऊन वाळू द्या. जुना फिल्टर रात्रभर ट्रेवर पालथा ठेवा, त्यातून सकाळपर्यंत तेल निथळत राहतं. ते सगळं नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका.