टगवर बोटं गेली, आता पैसे कोण देणार?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ मुंबईत नेव्हीच्या कामाच्या टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) आहे, पण ठेकेदारामार्फत, सिव्हिलियन म्हणून. दोर ओढताना विंचमध्ये, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात, दोन बोटं चेंगरली. ठेकेदार म्हणतो नेव्हीला विचारा, तिकडचे म्हणतात तुम्ही आमचे नाही. आता तो घरी तासगावला बसून आहे.
– एक वाचक, तासगाव

उत्तर: ताई, ही टोलवाटोलवी जुनीच आहे हो! वर्दीतल्या जवानाचे नियम त्याला लागत नाहीत, पण कामगार भरपाईचा हक्क लागतो, तो आधी 1923 च्या कायद्यात होता, आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठेवलाय. ठेकेदार हात वर करत असेल तर ज्याचं काम चाललंय त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते, मग तो ठेकेदाराकडून वसूल करेल नाहीतर काहीही करेल, ते त्यांचं ते बघतील. कामावर जाता येत नाही तोवर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, शिवाय दवाखान्याचा खरा खर्च. बोटं कायमची गेली असतील तर त्याची भरपाई वेगळी. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर मात्र हा दावा नाही, तिकडूनच घ्यायचं, म्हणून आधी पगाराची स्लिप बघा. दावा 2 वर्षांच्या आत, आणि तो राहतो तिथं म्हणजे सांगली जिल्ह्यातच लावता येतो, मुंबईचे हेलपाटे नकोत. अपघाताची लेखी खबर ठेकेदाराला दिलीय का? नसेल तर उद्याच रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.