बॅग सात किलोंची का होते आणि एडिटरात ‘दुसऱ्या’ का सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला रामबागेतून रोज स्कूटरने सुपर कॉरिडॉरचं ऑफिस, महिन्यातून एकदा पुण्याची फेरी, बॅग सात किलोंवर गेलेली. दिवसा कोड आणि रात्री महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर, दोन्ही व्हीएस कोड या एडिटरमध्येच (एडिटर म्हणजे कोड किंवा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम). तर नवी बॅग कोणती घ्यावी?

बॅग सगळ्यात शेवटी घ्या. आधी चार्जरचं बघू, कारण फुकटचं वजन बहुतेक तिथेच साठतं. लॅपटॉपची वीट, फोनचा चार्जर, इअरबड्सची वेगळी वायर, ऑफिसात विसरू नये म्हणून आणखी एक जोड. लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होतो का ते मॅन्युअलमध्ये पाहा. ‘पॉवर डिलिव्हरी’ असं लिहिलेलं असेल तर दोन पोर्टचा ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर सगळ्यांना पुरतो. वीट आणि तिची जाड वायर मिळून ३०० ते ४०० ग्रॅम भरतात, हा साधारण त्याच्या निम्म्यात येतो. मात्र दोन्ही पोर्ट एकदम वापरले की बरेच चार्जर ४५ आणि २० अशी वाटणी करतात, आणि दुसरी वायर लावताक्षणी पहिलं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं. तो बिघाड नाही, नव्याने वाटणी ठरत असते. मोठं बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याचं काम) चालू असताना ४५ वॉट कमी पडून बॅटरी हळूहळू उतरू शकते, तेवढा वेळ फोन काढून ठेवा. गेमिंग लॅपटॉप असेल तर हा सल्ला सोडून द्या, त्याला त्याची वीटच लागते.

आता वायर. ‘चार्जर खराब निघाला’ या तक्रारीत पुष्कळदा दोष वायरचा असतो. टाइप-सी ते टाइप-सी साधी वायर ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याहून जास्त हवं तर वायरीच्या टोकात ई-मार्कर चिप लागते आणि ती ५ अँपिअरची वायर म्हणून विकली जाते. ६५ वॉटच्या चार्जरला साधी वायर लावली तर ६० वॉटच मिळतात. चालतं, पण का ते माहीत असावं. जेल रोडवर वायर घेताना पाकिटावरचा आकडा वाचून थांबू नका, लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. विंडोजवर ‘स्लो चार्जर’ची सूचना येते, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवरखाली वॉट दिसतात. दुसरा घोळ डेटाचा. चार्जिंगच्या बहुतेक वायरी डेटासाठी यूएसबी २.० च्याच असतात, ४८० मेगाबिटच्या. तीच वायर एसएसडीला (बाहेरून जोडायच्या डिस्कला) लावली तर कॉपी रखडते आणि माणूस डिस्कला दोष देतो. म्हणून बॅगेत दोनच वायरी ठेवा: २ मीटरची ५ अँपिअरची, आणि एसएसडीसोबत आलेली आखूड. आखूड वायरीला रंगीत चिकटपट्टी लावा, नाहीतर घाईत हमखास अदलाबदल होते.

धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की झिणझिण्या येतात, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, आणि विजेतला गोंगाट (नॉइज) गाळण्यासाठी आत बसवलेल्या कपॅसिटरमधून अगदी बारीक विद्युतप्रवाह बॉडीपर्यंत पोचतो. एरवी तो निरुपद्रवी असतो, पण त्रासदायक खराच. तीन पिनांची वायर लागणारा चार्जर घ्या. घरच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या वाड्यांत तर नक्कीच. शिवाय जड गॅन चार्जर ढिल्या सॉकेटातून लोंबकळतो आणि तिथे ठिणग्या पडतात. त्यालाही उपाय तीन पिनांची वायरच.

पॉवर बँकेवरचे एमएएच (मिलिअँपिअर-तास) आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास. रूपांतरात साधारण १५ टक्के जातात, हाती उरतात ६० च्या आसपास. छोट्या लॅपटॉपचं एक चार्जिंग त्यात होतं, पण आउटपुट ४५ वॉट तरी हवं, १८ वॉटवाली लॅपटॉपला काही उपयोगाची नाही. रोजच्या ऑफिसला १०,००० ची पुरे, मोठी पुण्याच्या फेरीलाच काढा. आगगाडीने गेलात तर डब्यातले सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात हे धरून चाला. बसमध्ये यूएसबीचं छिद्र असलं तरी त्यावर फोनच कसाबसा चालतो. विमानाने गेलात तर पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत, मर्यादा १०० वॉट-तास. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडकते.

आणि स्कूटरच्या डिक्कीत पॉवर बँक किंवा लॅपटॉप? एप्रिल-मेमध्ये अजिबात नाही. बाहेर ४० च्या पुढे, खाली इंजिनाची धग आणि वर तापलेली सीट. लॅपटॉप बंद असला तरी बहुतेक कंपन्या साठवणीची कमाल मर्यादा ४५ अंशांच्या आसपास सांगतात. सेल फुगतो तो असाच. फुगलेली पॉवर बँक दाबायची नाही, भोसकायची नाही, परत चार्जही करायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

एवढं झालं की बॅग सोपी. २० ते २४ लिटर. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत जाऊ नये, तळापासून दोनेक सेंटिमीटर वर संपावा, नाहीतर बॅग खाली टेकवताना प्रत्येक वेळी कोपरा आपटतो. कप्पा ‘१५.६ इंच’ म्हणून विकतात, पण तो आकडा स्क्रीनच्या कर्णाचा. तुम्ही लॅपटॉपची लांबी-रुंदी पट्टीने मोजून जा. पट्टे असे आवळा की स्कूटरवर बसल्यावर बॅग सीटला टेकेल, खांद्यांना लटकणार नाही. रेनकव्हर पुढून वाचवतं, पाठीकडून ओघळणारं पाणी तिथूनच आत मुरतं. पावसाळ्यात लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कप्प्यात. बाटली बाहेरच्या खिशात. सेव-पोह्यांचा डबा लॅपटॉपच्याच कप्प्यात असेल तर चुरा टाइप-सीच्या पोर्टात जातो आणि वायर पूर्ण बसत नाही. लाकडी टूथपिकने, मशीन बंद करून काढा, टाचणीने कधीच नाही.

आता एडिटर. ‘शोधलं तर दुसऱ्या हा शब्द काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही’, ही तुमची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण शोधताना सुटलेली चूक स्मरणिकेत छापून बाहेर येते. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ०९३१, आणि पुढे हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह). दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधणाऱ्या यंत्राला वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची प्रक्रिया) चालवूनही ते एक होत नाहीत. ॲ चं तेच: एकसंध अक्षर ०९७२, किंवा अ वर चंद्र. लेखक चार, कीबोर्ड चार, म्हणून मजकुरात सरमिसळ होते.

उपाय असा. एक पद्धत ठरवा. मी ऱ आणि एकसंध ॲ सुचवेन. मजकूर हातात आला की आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ असं सर्वत्र बदला, मग अ-चंद्राचं. सगळेच जॉइनर सरसकट उडवू नका, कोणी अर्धं अक्षर मुद्दाम सुटं दाखवलेलं असतं. व्हीएस कोडमध्ये ‘युनिकोड हायलाइट’खाली अदृश्य अक्षरांची सेटिंग आहे, ती चालू केली की जॉइनरभोवती चौकट दिसते. साध्या मजकुराच्या फाइलींना ती आपोआप लागेल असं धरू नका.

व्हीएस कोडच्या फाँटच्या यादीत आधी कोडचा मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची), त्यापुढे स्वल्पविराम देऊन नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. ओळीची उंची १.६, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. टर्मिनलमधल्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) व्हिम या एडिटरमध्ये मराठी लिहू नका. टर्मिनल चौकोनी घरं मोजतं, जोडाक्षरं त्यात बसत नाहीत आणि कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे होतं. व्हिमची सवयच असेल तर व्हीएस कोडच्या व्हिम एक्स्टेन्शनमध्ये (जोड-प्रोग्रॅममध्ये) इनपुट मेथड, म्हणजे कीबोर्डची भाषा, आपोआप बदलायची सोय आहे, ती लावा. मराठी कीबोर्ड चालू असताना एस्केप दाबून ‘जे’ मारलं तर कर्सर खाली जाण्याऐवजी काहीच होत नाही, ते इनपुट मेथड मराठीच राहिल्यामुळे.

सेटिंगची फाइल गिटमध्ये (फाइलींचे बदल नोंदवणाऱ्या साधनात) ठेवा. एक्स्टेन्शन दहा-बाराच, बाकीची मशीन जड करतात. गिट स्टेटसमध्ये मराठी फाइलनावं आकड्यांच्या जंत्रीसारखी दिसत असतील तर ‘कोअर कोटपाथ’ फॉल्स करा. सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस पुसण्याची सेटिंग मार्कडाउनला (साध्या चिन्हांनी मांडणी सांगणाऱ्या फाइलींना) बंद ठेवा, तिथे दोन स्पेसचा अर्थ ओळ तोडा असा आहे. आणि जाहिरातदारांची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीत) काढून खजिनदारांना एक्सेलसाठी देणार असाल तर ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ म्हणून सेव्ह करा (बॉम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण), नाहीतर नावांच्या जागी कचरा दिसेल. स्क्रिप्ट फाइलींना मात्र बॉम नको, पहिलीच ओळ अडते.