बँकेत १२ वर्षं झाली, वय ३८. रोज सिनेमात जायची स्वप्नं पडतात. हे वेड आहे का?

वेड नाही, पण राजीनामा इतक्यात टाइप करू नका. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पूर्णवेळ नट झाले १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. त्याआधी कितीतरी वर्षं ते दवाखाना सांभाळून नाटकं करत होते, हे आपण सोयीस्कर विसरतो.

मी स्वतः रजा टाकून मित्राच्या शॉर्टफिल्मवर सहायक म्हणून गेलो होतो. काम काय, तर हिरोइनने कप कुठल्या हातात धरला, त्यात चहा किती उरला, हे प्रत्येक टेकला, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेताना दर वेळी, वहीत लिहायचं. पाचव्या टेकच्या आधी मी शहाणपणा करून कप धुऊन ठेवला. सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या! बारा तासांच्या शिफ्टमध्ये अर्धा वेळ शूटिंगचे लाइट लावून होण्याची वाट बघण्यात गेला. तरी रात्री झोप येईना, इतकं भारी वाटत होतं.

तुम्हाला हिशोब येतो ना? मग प्रॉडक्शनच्या अकाउंट्सकडून शिरा, तिथे नीट व्हाउचर ठेवणारा माणूस सोन्यासारखा. पगार मात्र एक तारखेला येईल असं धरू नका. पुण्याची एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, छोट्या मुदतीचे कोर्सही घेते, आधी रजा टाकून त्यातला एखादा करा.