डिप्लोमा मेकॅनिकलनंतर पहिल्या मुलाखतीची तयारी कशी करावी? इंग्रजी कच्चं आहे, आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

लावू नका. शॉप फ्लोअरवरच्या, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी असलेल्या नोकरीसाठी तर मुळीच नको. या एका प्रश्नावरून आमच्या घरात रामायण घडलंय, म्हणून लिहायला बसले.

माझा आतेभाऊ पुण्यात आयटीत आहे. माझा डिप्लोमा संपत आला तेव्हा त्याने आप्पांच्या डोक्यात भरवलं, की 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' घडाघडा म्हणता आलं नाही तर हिला दारातूनच परत पाठवतील. मी क्लासला गेले नाही. सुट्टीभर फलटणला एका लेथवाल्या काकांकडे जाऊन बसायचे. ट्रॅक्टरच्या पिना, बुश, जे मशीनवरून उतरेल ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. पोरीने तेलकट हात कशाला करून घ्यायचे, म्हणून आत्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मुलाखत भोसरीत होती, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी. साहेबांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. एक पिन, 0–25 चा मायक्रोमीटर (25 मिमीपर्यंतचं बारीक माप घ्यायचं साधन) आणि ड्रॉइंग पुढ्यात सरकवलं. व्यास 22 ± 0.05 मिमी. "सांगा, ओके की रिजेक्ट?"

मी आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसली आणि पिन न धरताच रॅचेटने तो बंद करून पाहिला. थिंबलची, म्हणजे फिरत्या नळीची, शून्याची रेघ जुळायला हवी, तिथे तिसरी जुळत होती; एक रेघ म्हणजे 0.01 मिमी. म्हणजे झिरो एरर (मायक्रोमीटरची मुळातली चूक) अधिक 0.03. मग पिन धरली, माप आलं 22.07. त्यातून 0.03 वजा केले, 22.04. जॉब ओके. शून्य न तपासता मोजला असता तर चांगला जॉब रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये गेला असता. मायक्रोमीटर मुद्दाम तसा ठेवला होता, हे साहेबांनी नंतर स्वतःच सांगितलं.

पुढचं सगळं बोलणं मराठीत झालं. गो-नो गो गेज (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारा) कधी वापरायचा? भोकावर 25 एच7 (मापाला किती सूट आहे ते सांगणारी खूण) लिहिलंय, तर हद्द किती? (25.000 ते 25.021.) टर्निंगचे जॉब एकामागून एक मोठ्या साइझला सरकायला लागले तर ऑपरेटरला काय सांगशील? टूलची टीप झिजतेय का ते बघ, मग ऑफसेट दे (मशीनमध्ये तेवढी दुरुस्ती घाल), असं मी म्हणाले. हे पाठांतराने येत नाही, मशीनपाशी उभं राहिलं की येतं.

तेव्हा तुम्हीही लघुत्तम माप (साधनाने मोजता येणारं सर्वांत छोटं माप), फिट्स-टॉलरन्स (जोडणीचे प्रकार आणि मापातली सूट) आणि ड्रॉइंगवरची चिन्हं हाताखालून घाला. आणि तुमचा प्रोजेक्ट खरंच तुम्ही केलेला असू द्या. विकत आणलेला प्रोजेक्ट दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. आता मुलाखती घेताना मी समोर बसलेली असते, त्यामुळे हे रोज बघते. रेझ्युमेत सीएमएम (तिन्ही दिशांनी मापं घेणारं मशीन) लिहिलं असेल तर मी त्यावरच विचारते.

पगाराबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. पण कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीचे कर्मचारी म्हणून) घेणार, ट्रेनी म्हणून की काँट्रॅक्टरमार्फत, हे मात्र निघण्याआधी स्पष्ट विचारा. त्यात लाजू नका.

हां, विक्री, डिझाइन किंवा परदेशी ग्राहकांशी रोज बोलायचं काम असेल तर इंग्रजी लागेलच. शॉप फ्लोअरवरही ड्रॉइंगवरच्या टिपा आणि ग्राहकाच्या तक्रारीची मेल वाचून समजली पाहिजे. आमचा आतेभाऊ त्याच्या क्षेत्रापुरता बरोबर असेल. पण आयटीतला नियम त्याने कारखान्यावर लादावा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तुमच्या घरीही असं कोणी मागे लागलं असेल तर सांगा, क्लासच्या फीऐवजी 0–25 चा एक मायक्रोमीटर घेऊन द्या.