वडगावला इंग्रजांची फौज कापून काढली असती, तर मुंबई आपली झाली असती का?

प्रश्न थोडक्यात असा: जानेवारी १७७९मध्ये वडगाव मावळात पुरती कोंडलेली इंग्रज फौज महादजी शिंद्यांनी तह करून सोडून दिली. ती तिथेच कापून काढली असती, तर पहिलं इंग्रज-मराठा युद्ध तिथेच संपून मुंबई मराठ्यांकडे आली असती का?

माझ्या मते नाही. हा प्रयोग कल्पनेत करायचीही गरज नाही, कारण दीड-पावणेदोन वर्षांत तो दक्षिणेत प्रत्यक्षात झाला. सप्टेंबर १७८०मध्ये म्हैसूरच्या हैदर आणि टिपूने पोलिलूरला इंग्रजांच्या कर्नल बेलीची अख्खी तुकडी बुडवली. मद्रासची गाळण उडाली, पण मद्रास पडलं नाही. कलकत्त्याहून आयर कूट समुद्रमार्गे आला आणि पुढच्या जुलैत पोर्टो नोव्होला त्याने हैदरला हरवलं. मुंबई, मद्रास, बंगाल यांतला एक इलाखा बुडायला लागला की दुसरा पैसा आणि माणसं धाडतो, यातच ईस्ट इंडिया कंपनीचा जीव होता. वडगावला मुंबईची फौज संपवली असती, तरी बंगालची फौज घेऊन निघालेला गोडार्ड तेव्हा बुऱ्हाणपूरच्या वाटेवर होताच. फेब्रुवारी संपायच्या आत तो सुरतेला पोचला.

तरीही वडगावला एक मोठी संधी हुकली असं मलाही वाटतं. फक्त ती वडगावात नव्हती, ठाण्यात होती.

आधी त्या मोहिमेचा थाट बघा. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांच्या गटाने, बाजूला सारलेल्या राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं, म्हणून गव्हर्नर हॉर्नबीने नोव्हेंबर १७७८मध्ये मुंबईहून सुमारे ३,९०० माणसं पाठवली. सोबत बैल १९,०००! हुकूम एकाचा नाही, समितीचा. त्यातला मॉस्टिन आजारी पडून वारला, एगर्टन आजारी म्हणून बाजूला झाला, कारनॅक आणि कॉकबर्न उरले. घाट चढल्यावर ही वरात दिवसाला जेमतेम दोन मैल सरकत होती. मराठ्यांनी समोरासमोर लढाई न देता दाणागोटा आणि वैरण तोडली. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला. ९ जानेवारीला तळेगाव गाठलं तर गाव जाळून मोकळं केलेलं. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात ढकलून रात्रीच्या अंधारात माघार सुरू झाली, ती वडगावात अडकली.

तहात कबूल काय झालं? १७७३पासून घेतलेला सगळा मुलूख परत, त्यात साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेला लागून असलेलं मोठं बेट, आणि ठाणे आलं. बंगालची फौज थांबवायची. राघोबादादा शिंद्यांच्या स्वाधीन. ओलीस म्हणून दोन इंग्रज. आणि हे सगळं लिहून देणाऱ्या समितीने आधीच कळवलं होतं की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करायचा आपल्याला अधिकार नाही. घाट उतरल्यावर कारनॅकने पहिलं काम केलं ते गोडार्डला धाडलेला 'थांबा' हा हुकूम फिरवण्याचं. मुंबईच्या कौन्सिलने तह झिडकारला.

थोडक्यात, राघोबा हातात आले आणि साष्टी कागदावर आली. उलटं व्हायला हवं होतं. राघोबादादा तर काही महिन्यांतच उत्तरेकडे नेताना वाटेत निसटले आणि थेट गोडार्डकडे गेले. नाना फडणवीस आणि महादजी दोघांनाही तो माणूस हवा होता, त्यात तो आपल्याच ताब्यात यावा अशी महादजींची धडपड. त्या ओढाताणीत जमिनीचा ताबा मागे पडला, असा माझा कयास.

म्हणून माझं 'तर' असं: ठाण्याच्या किल्ल्यावर भगवा चढेपर्यंत वडगावची फौज सोडायची नाही. हॉर्नबी नाही म्हणाला असता तर? म्हणू दे. मुंबईने लढण्याजोगी बहुतेक सगळी माणसं घाटावर पाठवली होती, ठाण्यात मोठी शिबंदी उरली असेल असं वाटत नाही. हा किल्ला म्हणजे आजचा ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग. इंग्रजांनी तो डिसेंबर १७७४च्या अखेरीस हल्ला करून घेतला होता. वसई अजून मराठ्यांकडेच होती, ती गोडार्डने घेतली डिसेंबर १७८०मध्ये. गोडार्ड सुरतेला पोचेपर्यंत हातात पाच-सहा आठवडे होते. तेवढ्यात साष्टी घेणं शक्य होतं.

मुंबई बेट मात्र तेव्हाही पडलं नसतं. ते घ्यायला आरमार लागतं, आणि आंग्र्यांचं आरमार १७५६मध्ये विजयदुर्गाला जळालं, तेही नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेतल्यामुळे. जंजिऱ्याचा सिद्दी का हटला नाही, हे कोकणातल्या कुणालाही विचारा.

पण साष्टीशिवाय मुंबई म्हणजे काय? सालबाईच्या तहात (१७८२) इंग्रजांनी वसई आणि गुजरातमधला जिंकलेला मुलूख परत केला, साष्टी तेवढी सोडली नाही. त्यांना तिची किंमत कळत होती. साष्टी कायम आपल्याकडे राहिली असती, तर इंग्रजांची हद्द माहीम आणि शीवच्या खाडीवर संपली असती. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, मुलुंड सगळं पेशव्यांचं. (मी मुलुंडकर, तेव्हा मला रोज परदेशी नोकरीला जावं लागलं असतं. ८:१२च्या लोकलमध्ये जकात नाकेवाला चढला असता, ही एकच सोय कमी आहे.) शीवचा बांध, १८४५चा माहीमचा बांध, १८५३ची बोरीबंदर-ठाणे रेल्वे या सगळ्याला पुण्याची परवानगी लागली असती. मला सगळ्यात मोठी अडचण दिसते ती पाण्याची. बेटावर विहिरी आणि तलाव एवढंच. शहराची तहान भागवायला १८६०च्या सुमारास पाणी आणलं ते विहारहून, म्हणजे साष्टीतूनच. त्याशिवाय लाखो माणसांचं शहर तिथे उभं राहणं कठीण. गोदी, किल्ला, पेढ्या राहिल्या असत्या, पण कापड गिरण्यांची मुंबई मला तरी दिसत नाही.

आता 'मराठी राज्य वाचलं असतं' इथपर्यंत मी जाणार नाही. वसईचा तह १८०२च्या अखेरीस झाला, तो वडगावात काय घडलं यामुळे नाही. यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकलं म्हणून दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ते भांडण साष्टीमुळे मिटलं नसतं. त्यामुळे माझा हिशोब असा: साष्टी आणखी वीस-बावीस वर्षं आपल्याकडे राहिली असती, आणि मग राघोबादादांच्या या चिरंजीवांनी तीही लिहून दिली असती.