लेकराला पहिल्यांदा घोड्यावर बसवताना

ताई, लेकराला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं स्नायू आवळतात, हालचाल जमत नाही) आहे म्हणून घोड्यावरच्या थेरपीला घाबरू नका, पण आधी खुब्याचा एक्स-रे डॉक्टरांना दाखवा. खुबा निसटलेला असेल किंवा फिट आटोक्यात नसतील, तर थांबा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची मानही तपासावी लागते.

घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि आजूबाजूला हलते, जवळपास आपली कंबर चालताना हलते तशीच. ज्या पोरानं कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्या कंबरेलाही चालणं कळतं. माझ्या मुलीच्या मांड्या कात्रीसारख्या आवळलेल्या. चड्डी बदलायची म्हणजे कुस्तीच! खोगिराऐवजी जाड घोंगडीवर बसवली. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरम असतं, त्या उबेनं आणि डुलण्यानं दहा मिनिटांत मांड्या सैलावल्या. मूठ उघडून आयाळ धरली. संध्याकाळी पुन्हा आवळल्या, हेही सांगते. म्हणून फिजिओथेरपी बंद करू नका.

घोडा शांत हवा. एक जण लगाम धरणारा, दोघं दोन बाजूंना, शिवाय थेरपिस्ट. माथेरानची फेरी म्हणजे ही थेरपी नव्हे. आणि मुलाला घोड्याला बांधायला निघालेला कुणी दिसला, तर तिथूनच परत फिरा.

डेन्मार्कच्या लिस हार्टेलचे पाय पोलिओनं गुडघ्याखाली लुळे पडले होते. चढा-उतरायला मदत लागायची, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला शिस्तीत, तालात चालवण्याच्या स्पर्धेचं, रौप्य तिनं मिळवलं. आपल्याला पदक नको, ताठ बसणं हवंय.

हेल्मेट डोक्याच्या मापाचंच घ्या. पहिल्या दिवशी नुसतं घोड्याला गाजर भरवलंत तरी चालेल.